भिंतीला वाहिलेलं पाणी

नेम मोडला तर देव रागावतो का, हे मला त्या वर्षी कोणाला तरी विचारायचं होतं. पण विचारणार कोणाला? घरात विचारलं असतं तर आमचे हे म्हणाले असते, तुझ्या डोक्यात नसते किडे फार. देवळातल्या गुरवबाबांना विचारायला जायचं तर चार माणसं बसलेली असतात. माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो. लहानपणापासून तसंच आहे. चौथीपर्यंत शाळेत गेले, पण उत्तर येत असूनही कधी हात वर केला नाही. म्हणून जे झालं ते मुलीच्या जुन्या वहीत लिहून ठेवते आहे. हे कोणी वाचावं अशी इच्छा नाही. पुढे वय झाल्यावर मीच विसरू नये, एवढंच.

सिंदीच्या बाजूला एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी कामाला आहे. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या यायला लागल्या की आम्ही बायका ढिगाशी बसतो आणि कापसातली कवडी म्हणजे किडका पिवळा कापूस, पाला, काड्या वेचून काढतो. संध्याकाळी घरी निघताना केसांत, पदरावर, भुवयांवर सुद्धा कापूस असतो. माझा नेम असा की गुढीपाडव्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत रोज सकाळी कामाला जायच्या आधी गावाबाहेरच्या महादेवाच्या पिंडीवर तांब्याभर पाणी घालायचं. अकरा वर्षांपूर्वी धाकट्या मुलीला टायफॉइड झाला होता तेव्हा मी हा नेम धरला. ती औषधानं बरी झाली की पाण्यानं, हे मी कधी विचारत बसले नाही. नेम मात्र एक दिवसही चुकवला नाही. ताप असला तरी गेले. सासरे वारले त्या वर्षी सुतकात देवळात जाता येत नव्हतं, तर शेजारच्या मुलीच्या हातून पाणी पाठवलं.

माझ्या शेजारी ढिगाशी चंद्रकला बसते. नवरा चार वर्षांपूर्वी आजारानं गेला, घरी सासू आणि दोन मुली. तुराट्यांच्या कुडाचं घर होतं, वर गवत. माघ महिन्यात भरदुपारी चुलीतली ठिणगी उडाली आणि आम्ही कामावर असतानाच घर जळून गेलं. सासू दोन बकऱ्या आतच टाकून बाहेर आली म्हणून वाचली. अंगावरच्या लुगड्याशिवाय काही राहिलं नाही. घरकुलाच्या यादीत चंद्रकलेचं नाव होतं, पण फार खाली. शाळेच्या मागच्या बाजूला एक वापरात नसलेली खोली होती, तिथं मास्तरांनी त्यांना राहू दिलं. बिचारे हात जोडून म्हणाले, नवीन वर्ग या खोलीत बसवायचा आहे, शाळा उघडायच्या आत तेवढी सोय बघा. म्हणजे जून संपायच्या आत.

आमच्या जिनिंगमध्ये प्रभाकरभाऊ फिटर आहेत. तरुणपणी त्यांनी मिस्त्रीकाम केलेलं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ते बायकांच्या घोळक्यापुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "घरकुलाची वाट पाहत बसली तं तिच्या पोरीयचे लगन होऊन जातीन. आपून इतके जन आहोत. रविवार आपला आहे का नाई?"

कमलाबाई आमच्यात सगळ्यांत मोठी आणि तिच्या तोंडाला सगळे टरकतात. ती म्हणाली, "रविवारी आमी घरचे कपडे धुतो, गहू निवडतो. तुमच्यासारखे पानठेल्यावर नाई बसत, भाऊ."

सगळे हसले. पण पहिल्या रविवारी घमेलं घेऊन सगळ्यांच्या आधी तीच हजर होती. जिनिंगच्या शेठनं पाडलेल्या भिंतीच्या जुन्या विटा आणि शेडचे उतरवलेले टिन, म्हणजे पत्रे, दिले. सिमेंट आम्ही सगळ्यांनी मिळून आणलं. प्रभाकरभाऊंनी केळझरच्या गणपतीला जाऊन नारळ आणला, तो जुन्या घराच्या राखेवर फोडला आणि आम्ही पाया खणायला घेतला. काळी जमीन असल्यामुळे मुरूम लागेपर्यंत खोल जावं लागलं. फाल्गुन संपेपर्यंत जोतं झालं. पाडव्यानंतरच्या रविवारी चारही भिंती कमरेइतक्या उभ्या राहिल्या. त्या दिवशी चंद्रकलेच्या लहान मुलीनं भिंतीवरून उडी मारून आत जायचा आणि दाराच्या जागेतून बाहेर यायचा खेळच मांडला होता. आम्ही दमलो होतो, पण मन भरलं होतं.

आणि तिथंच आमची चूक झाली. अशी चूक जिनिंगवाल्यांकडूनच व्हायची. आमचा सगळा जन्म कापसाला पाण्यापासून जपण्यात जातो. ओला कापूस आतून तापतो, पिवळा पडतो. त्यामुळे संध्याकाळी ढीग झाकून निघताना चौकीदाराला "पानी लागू देऊ नोका" असं सांगायची प्रभाकरभाऊंच्या तोंडाला सवय. त्या दिवशीही चंद्रकलेच्या सासूला, आम्ही सगळे तिला आजीच म्हणतो, ते निघता निघता म्हणाले, "आजी, पानी लागू देऊ नोका हो." त्यांच्या मनात कोपऱ्यातल्या सिमेंटच्या गोण्या होत्या. आजीनं स्वतः तीस वर्षं जिनिंगमध्ये काढलेली. तिनं ऐकलं आणि आठवडाभर हातात काठी घेऊन त्या भिंतींची राखण केली. भिंतींवर पाणी मारायला हवं हे तिलाही माहीत नव्हतं असं नाही, पण मिस्त्री सांगून गेला म्हणजे त्याचं काही तरी असेल, असं तिला वाटलं. चंद्रकलेला वाटलं, आजी पाणी मारते. आम्हाला वाटलं, चंद्रकला मारते. चैत्राचं ऊन तर आमच्याकडे असं की दुपारी विटेला हात लावता येत नाही.

पुढच्या रविवारी प्रभाकरभाऊंनी खिशातून खिळा काढला आणि विटांच्या सांध्यावर ओढला. सिमेंट वाळूसारखं भुरभुर खाली आलं. त्यांनी दुसरीकडे ओढला, तिसरीकडे ओढला. मग खाली बसले.

"आजी, पानी नाई मारलं?"

"तूच तं सांगून गेला बाप्पा, पानी लागू देऊ नोका म्हून! पोट्टे पिचकारी घेऊन आलते, त्यायलेही हाकलून लावलं."

आजीवर रागावणार कसं? तिनं तर सांगितलेलं काम इमानदारीनं केलं होतं. त्या दिवशी आम्ही आमच्याच हातानं त्या भिंती उतरवल्या, वीट वीट खरवडून साफ केली आणि पुन्हा रचायला घेतली. संध्याकाळी प्रभाकरभाऊ म्हणाले, "सिमेंट आता याच्यापुढं नाई. ह्या डाव भित कच्ची राह्यली तं टिनाचं वजन तिच्यावर ठेवता येत नाई. पोरी खाली असतीन. मी ठेवनार नाई." मग त्यांनी विचारलं की सकाळ-संध्याकाळ पाणी कोण मारेल. चंद्रकला सकाळी घरोघरी भांडी घासून मग जिनिंगमध्ये येते, आजीला बादली उचलवत नाही, बाकीच्या बायका दूरच्या गावांतून येतात. माझं घर तिथून जवळ. मी नुसती मान हलवली. प्रभाकरभाऊंनी ती पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या भरोशावर आहे मंग."

त्या एका वाक्यानं मी बांधली गेले. पहाटे उठून हापशीवर जायचं, घरचं पाणी भरायचं, मग भिंतीसाठी गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, भरून खेपा करायच्या, शेवटी तांब्या घेऊन महादेवाकडे आणि तिथून कामावर. संध्याकाळी परत खेपा. डोक्यावरच्या चुंबळीची जागा दुखून यायची. पण भिंत ओली झाली की तिचा जो वास यायचा त्यानं बरं वाटायचं. मी मनाशी ठरवलं होतं की ही भिंत मी वाळू देणार नाही. पुढचे दोन रविवार भिंती चढत गेल्या, पार वरपर्यंत आल्या. भिंत वाढली तसं पाणी जास्त लागायला लागलं, आणि ऊन वाढलं तशी हापशी कमी कमी द्यायला लागली. नळ तर चौथ्या दिवशी यायचा, तोही करंगळीएवढा. मी दोन-तीन गुंड ओतले तरी कामाला निघेपर्यंत भिंतीचा वरचा भाग पांढरा पडलेला दिसायचा.

अक्षय तृतीयेला चार-पाच दिवस राहिले होते. त्या सकाळी घरचं पाणी भरलं आणि पुढे हापशीनं एक गुंड दिला. दुसऱ्याला नुसता खडखडाट. मी तो एक गुंड घेऊन भिंतीशी गेले. त्यातला तांब्याभर काढून महादेवाला न्यायचा, हे ठरलेलं होतं. गुंड उपडा करत आणला आणि शेवटचं तांब्याभर उरलं तेव्हा दाराच्या वरची बाजू तशीच कोरडी राहिलेली. मी थांबले. किती वेळ थांबले सांगता येत नाही. एकीकडे अकरा वर्षांचा नेम, धाकट्या मुलीचा जीव त्यात बांधलेला. दुसरीकडे ती हातभर भिंत. मनात आलं, एक दिवस कोरडी राहिली तर काय बिघडेल. मग आठवलं, मागे आठवडाभर कोरडी राहिली म्हणूनच अख्खी भिंत उतरवावी लागली होती. मी ते पाणी भिंतीवर घातलं.

तरी रिकामा तांब्या घेऊन देवळात गेले. निदान तोंड दाखवून क्षमा मागावी म्हणून. पिंडीवर उन्हाळ्यात तिवईवर तांब्याचं अभिषेकपात्र ठेवलेलं असतं, त्याच्या बुडाच्या भोकातून पिंडीवर थेंब थेंब पाणी पडत राहतं. मी गेले तेव्हा एक अनोळखी बाई ते पात्र खाली घेऊन बसली होती. साठीच्या आसपासची, हिरवं लुगडं, जवळ एक कापडी पिशवी. कोणाच्या लग्नाला आलेली असेल असं मला वाटलं. ती पात्राचं भोक बोटानं चाचपत होती.

"भोक मोठं झालं याचं," ती माझ्याकडे न पाहताच म्हणाली. "भरलं का घटकाभरात रिकामं. देव दुपारभर कोरडा." मग तिनं मान वर केली. "तुह्या पदराले कापूस लागला आहे. दे बरं."

माझ्या पदराला आदल्या दिवशीचा कापूस चिकटलेलाच होता. मी तो काढून दिला. तिनं तो तळहातावर वळला, वात केली, भोकातून ओवली आणि पात्रात आपल्याजवळच्या बाटलीतलं पाणी ओतलं. वातीच्या टोकाशी एक थेंब जमला, लोंबला, मग सुटला. बऱ्याच वेळानं दुसरा.

"आता हे सांजपर्यंत पुरते," ती म्हणाली. मग माझा रिकामा तांब्या पाहून, "पानी नाई आनलं?"

मला अनोळखी माणसाशी बोलता येत नाही. पण त्या वेळी सहज तोंडातून निघून गेलं, "भितीले दिलं."

कोणती भिंत, का दिलं, तिनं काही विचारलं नाही. पात्र तिवईवर नीट बसवलं आणि म्हणाली, "ओतलं असन. ओतलेलं पानी पळून जाते माय. टपकलं पाह्यजे." पिशवी उचलली, पिंडीला हात जोडले आणि बसच्या रस्त्याकडे गेली.

मी तिथंच बसून तो थेंब पाहत राहिले. कामाला उशीर झाला, मुकादमानं बोलणी दिली, ती ऐकूही आली नाहीत. मला दिसत होतं की आमच्या भिंतींच्या वर बांबू आडवे बांधले आहेत, त्यांना माठ टांगले आहेत, प्रत्येकाच्या बुडात कापसाची वात, आणि खाली भिंतीवर ओलं बारदान. पण त्याला किती माठ लागतील? आणि ते रोज भरणार कोण? माझ्या एकटीच्या डोक्यावर तेवढं पाणी येणं शक्य नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी कापूस वेचता वेचता बायका सणाचं बोलत होत्या, चिंचवणी कोण कशी करतं, पितर म्हणून जेवायला कोणाला बोलवायचं, घागर कुठून आणली. आमच्याकडे अक्षय तृतीयेला प्रत्येक घरी पितरांच्या नावानं मातीची नवी घागर पाण्यानं भरतात आणि दान देतात. ते ऐकताना माझे हात थांबले. घागरी तर घरोघरी भरल्या जाणारच होत्या. फक्त कोणी तरी मागायला हव्या होत्या.

ते मागणं मला गुंड वाहण्यापेक्षा जड गेलं. दोन दिवस मी मनात वाक्य जुळवत होते. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत उभी राहिले. मांडीवरचं डब्याचं झाकण फरशीवर पडून मोठा आवाज झाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मले एक सांगाचं आहे."

"अव माय!" कमलाबाई म्हणाली. "हिले वाचा फुटली! सांग व, सांग. पगारवाढ मागून राह्यली का काय शेठले?"

हशा झाला. मी खाली बसणारच होते. पण शेजारी चंद्रकला होती, आणि ती हसली नव्हती. ती माझा पदर धरून म्हणाली, "सांग ना." मी डोळे खाली ठेवूनच सगळं सांगितलं. हापशीचं, भिंत वाळते त्याचं, वातीचं, घागरींचं. दान द्यायचीच आहे, तर यंदाची घागर त्या भिंतीला द्या, असं.

मग कमलाबाईचाच आवाज आला, आता चेष्टेचा नव्हता. "पितरायची घागर भितीवर टांगाची? पितर तहानलेले राह्यले तं त्याचं पाप कोनं घ्याचं?"

तिच्या म्हणण्यात खोट नव्हती. माझ्याही मनात ती भीती होतीच. पण तोंडातून जे निघालं ते जुळवलेल्या वाक्यांतलं नव्हतं. मी म्हटलं, "माह्या मायले मरेपर्यंत सोताची भित नव्हती. लोकायच्या वावरातल्या खोपडीत गेली ते. तिच्या नावाची घागर मी भितीवरच टांगनार आहे. बाकीच्यायचं तुमी पाहा."

तेवढ्यात भोंगा झाला. सगळ्या उठून कामाला गेल्या. हो नाही, कोणीच काही म्हटलं नाही. दुपारभर माझे कान तापलेले होते. चंद्रकला कापूस वेचत होती आणि पदरानं नाक पुसत होती.

अक्षय तृतीयेला जिनिंगला सुट्टी होती. सकाळी लवकर आईच्या नावाच्या घागरीच्या बुडाला आधीच पाडून ठेवलेल्या भोकात वात ओवली, घागर भरली, हळदीकुंकू लावलं आणि तिथं गेले. जाऊन पाहते तर भिंतींच्या वरून बांबू बांधलेले. प्रभाकरभाऊ आदल्या संध्याकाळी येऊन बांधून गेले होते, भिंतींवर जुनं बारदान पसरून गेले होते. मला काही बोलले नव्हते. मी दोरीचं शिंकं करून माझी घागर दाराच्या वर टांगली. आजी शाळेकडून काठी टेकत आली आणि सावलीला बसली.

"एकच? येवढ्या मोठ्या घराले?"

"येतीन बाकीच्या."

"कोन म्हनलं?"

"कोनीच नाई म्हनलं."

आजीनं माझ्याकडे पाहिलं आणि काठी बाजूला ठेवली. आम्ही दोघी बसून राहिलो. ऊन चढलं. थेंब पडत होते, पण वीतभर बारदान ओलं झालं होतं, बाकी सगळी भिंत तापत होती. गावातून पुरणाचा वास येत होता. माझ्या मनात आलं की उठावं, हापशीवर जावं, निघेल तेवढं पाणी आणून मारावं. उठलेही. पण हापशी सकाळीच बसली होती. हात रिकामे घेऊन बसण्याची मला सवय नाही. आजवर जे जमलं ते अंगमेहनतीनं, न बोलता, एकटीनं. देवाला सुद्धा मी तसंच धरून ठेवलं होतं, रोज तांब्याभर पाणी घालून. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याजवळ घालायला काहीच नव्हतं. मी हात जोडले आणि मनात म्हटलं, महादेवा, मागायचं ते मागून झालं. आता यापुढचं माझ्या हातातलं नाही. असं म्हटल्यावर छातीवरून काही तरी उतरल्यासारखं झालं. रडू आलं नाही, आनंदही झाला नाही. नुसतं हलकं वाटलं.

दुपार कलली असेल. गल्लीच्या तोंडाशी कमलाबाईचा आवाज आला. डोक्यावर एक घागर, कमरेवर एक, आणि दुरूनच माझ्यावर ओरडत होती. "सकाळपासून येऊन बसली का व? पितराले जेऊ घालू का तुह्याकडे धावू? उचल ही आधी, मान मोडली माही!" मी धावत जाऊन डोक्यावरची घागर उतरवली. ती भिंतीशी आली, वर पाहिलं, श्वास घेतला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ही बुढ्याची. माह्या बापाची. मरताना पानी मागून राह्यलता आनि मी पोचली नाई. आता पेऊ दे त्याले, मनमानं." दुसरी कोणाची ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तिच्या मागून एकेक जणी येत गेल्या. कोणी सायकलवर नवऱ्याबरोबर, कोणी ऑटोत मांडीवर घागर धरून, बाकीच्या चालत. आमच्या गावातल्या ज्या बायका जिनिंगला नाहीत त्याही आल्या, कारण कमलाबाई येता येता दारादारांत सांगत आली होती. प्रत्येकीनं वात ओवून आणलेली आपली घागर आपल्या हातानं टांगली, नाव घेतलं, हात जोडले. आजी खालून विचारायची, "ही कोनाची?" आणि त्या सांगायच्या, सासऱ्याची, भावाची, पहिल्या बाळंतपणात गेलेल्या बहिणीची. चंद्रकलेनं नवऱ्याची घागर टांगली तेव्हा आजी काठी टेकत उठली आणि मुलाच्या त्या घागरीला तिनंही हात लावला. संध्याकाळपर्यंत चारही भिंतींवर बारदान काळं ओलं झालं होतं आणि सगळीकडून टप टप आवाज येत होता.

घागरी भरत कोण राहील, ही चिंता मी उगाच केली होती. भिंतीला पाणी घालायचं माणूस विसरतं. पण आपल्या मेलेल्या माणसाची घागर रिकामी लोंबकळताना कोणाला बघवेल? रोज जिची ती येऊन आपली घागर भरून जायची. दूरच्या बायका कामावर येताना बाटल्यांत पाणी आणायच्या. ज्या दिवशी एखादीला जमलं नाही, तिची शेजारणीनं भरली. त्या दिवसांत मी जेवढं पाणी वाहिलं ते आधीच्या निम्मंही नसेल, आणि भिंत एकदाही पांढरी पडली नाही.

अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी घरी गेल्यावर मला आठवलं की त्या दिवशी मी देवळात गेलेच नव्हते. नेमाचा शेवटचा दिवस, आणि तोही चुकला. मी भीती वाटायची वाट पाहत बसले. वाटली नाही. धाकट्या मुलीला फोन केला, ती तिच्या सासरी मजेत होती, कुरड्या तळत होती.

पुढच्या रविवारी प्रभाकरभाऊंनी तोच खिळा काढून सांध्यावर ओढला. नुसती रेघ उमटली. त्यांनी जोर लावून ओढला, तरी रेघच. त्यांनी खिळा खिशात टाकला आणि वळून म्हणाले, "टिन केव्हा आनाचे ते सांगा." कमलाबाई म्हणाली, "आमाले काय विचारता, हिले विचारा." आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी मात्र मी नेहमीसारखी खाली पाहून बारदान गोळा करायला लागले.

त्या हिरव्या लुगड्याच्या बाईबद्दल मी पुढे गावात दोघी-तिघींना विचारलं. कोणाकडे तशी पाहुणी आल्याचं कळलं नाही. कमलाबाई म्हणाली, लुगड्यावरून काय सांगतं, अर्धा जिल्हा तसाच दिसते. खरं आहे. असेल कोणी तरी, बस यायला वेळ होता म्हणून देवळात टेकलेली. तिला माझी अडचण माहीत नव्हती, आणि मी विचारलं नसताना तिनं उत्तर दिलं, एवढंच मला ठाऊक आहे. त्याहून जास्त मी म्हणत नाही. पण तिची आठवण आली की हात आपोआप जोडले जातात.

जूनमध्ये शाळा उघडायच्या तीन दिवस आधी चंद्रकला घरात राहायला गेली. वर टिन, खाली मुरूम चोपून सारवलेली जमीन, दाराला आंब्याचं तोरण. जेवायला भात, वरण आणि आलुवांग्याची भाजी होती. आता दुसऱ्या एका घराचं जोतं झालं आहे, पलीकडच्या गावात, एका अपंग माणसाचं. रविवार आला की आम्ही निघतो.

मी फार शिकलेली नाही. पण मला जे कळलं ते असं की देवावर सोडणं म्हणजे गप्प बसणं नाही. मी आयुष्यभर गप्प बसून, एकटीनं ओझं उचलून त्यालाच भक्ती समजत आले. कोणापुढे हात पसरायचा नाही, यात थोडा अभिमानही होता. मागितलं आणि मिळणं न मिळणं दुसऱ्याच्या मनावर सोडून दिलं, तेव्हा कुठे मी खरं काही तरी त्याच्या स्वाधीन केलं. महादेवानं माझ्याकडून दोन तांबे पाणी कमी घेतलं आणि एवढं दिलं.

घरभरणीच्या दिवशी जेवणं झाल्यावर सगळे बाहेर झाडाखाली बोलत बसले. मी भांडी गोळा करायला आत गेले तर आजी भिंतीला पाठ लावून बसली होती. आग लागल्यापासून ती दिवसा कधी डोळा मिटत नव्हती, चंद्रकला सांगायची. मला पाहून तिनं तळहात भिंतीवर ठेवला. "थंड आहे व," ती म्हणाली. मी आवाज न करता भांडी उचलली. वळून पाहिलं तेव्हा ती बसल्या बसल्या झोपी गेली होती.